दोनशे चौदा संदर्भ

३ जून

आजपासून नोंद ठेवणार. पुढं कुणी डॉ. अंजली निवृत्ती जोगदंड हिचं चरित्र लिहायला घेतलं तर त्याला तारीखवार माहिती एका जागी मिळावी, हा हेतू. माणूस मोठा झाला की लोक त्याच्या बापाला गाठतात आणि बाप तोंडाला येईल ते सांगतो. आपल्याकडून तसं होऊ नये.

माझ्याविषयी थोडक्यात. वय त्रेपन्न, मुक्काम केज. शाळा दहावीला सुटली. इंग्रजी डिक्शनरीवरून शिकलो, कॉम्प्युटर स्वतः उघडून शिकलो, कुणाचे उपकार नाहीत. बसस्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली. अक्षराची चूक दाखवा, नवा बोर्ड फुकट न्या, असं काउंटरवर लावलेलं आहे.

अंजली पुण्याच्या एका संशोधन संस्थेत किडनीच्या रोगांवर काम करते. जागा अजून तात्पुरती आहे. आज फोन आला, कायम जागेची मुलाखत ऑगस्टमध्ये ठरली. तिथं दोन गोष्टी बघतात. शास्त्रज्ञानं लेख किती छापले, आणि त्या लेखांचा आधार दुसऱ्या किती शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात घेतला. त्याला सायटेशन म्हणतात, मी संदर्भ म्हणतो. नेटवर प्रत्येकाचं पान असतं, आकडा कुणालाही दिसतो.

अंजलीचा आजचा आकडा दोनशे चौदा. लेख सहा. पैकी एकशे एकाहत्तर संदर्भ एकाच लेखाचे, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या किडनीवरचा. बाकीचे पाच अजून रांगतात. घरात एक कमावता असला तरी पुरतो.

बायको, सिंधू, म्हणाली, "पोरगी जेवली का ते इचारलं का?" विचारायचं राहिलं.

९ जून

दुकानाच्या काचेवर लाल रेडियममध्ये कापून लावलं: ‘डॉ. अंजली जोगदंड, जागतिक संदर्भ २१५’. एक वाढला. शेवटचे दोन अंक वेगळे कापले आहेत, म्हणजे बदलायला सोपं.

शेजारचा चहावाला बजरंग कपबशी धूत धूत बघत होता. "संदर्भ म्हंजी काय बे निवृत्ती? लाईक का?"

"लाईक फुकट असतो. इथं दुसऱ्या शास्त्रज्ञाला आपल्या सहीच्या लेखात लिवावं लागतं, की ह्या बाईनं हे शोधून काढलं."

"मंग आमदाराला किती हायत?"

"शून्य."

त्यानं ते गिऱ्हाइकांना सांगितलं. दिवसभर हशा चालला होता. हसेनात का, आकडा तर वाचतात.

१५ जून

आकडा दोनशे सोळा. नवा संदर्भ ब्राझीलचा आहे, तिकडंही ऊस होतो. लेख पूर्ण वाचला, डिक्शनरी चार वेळा उघडावी लागली. आपल्या अंजलीचं नाव तिसऱ्या पानावर, ‘इन कॉन्ट्रास्ट टू जोगदंड’ असं. म्हणजे जोगदंड यांच्या तुलनेत. तुलना मोठ्या माणसाशीच करतात.

अंजलीला कळवलं. "बघितलंय मी, आप्पा," एवढंच म्हणाली. थकलेली वाटली. मुलाखतीचा अभ्यास चालला असावा.

२१ जून

एक मजेची गोष्ट घडली, सविस्तर लिहितो.

डोंगराकडच्या वाडीची भिवराबाई दुकानात आली. बरोबर सून सोजर आणि नातू. नातवाचा पाचवा वाढदिवस, त्याचा मोठा बोर्ड करायचा होता. मजकूर त्यांनीच सांगितला: ‘आमचे लाडके सायेब’. मी ‘साहेब’ करून देतो म्हणालो, तर भिवराबाई ऐकेना.

ही बाई अंजलीच्या त्या मोठ्या लेखातली. पाच-साडेपाच वर्षांपूर्वी अंजली नमुने घ्यायला कोल्हापूरकडं उसाच्या फडावर गेली, तेव्हा सोबत मीही गेलतो. आपल्या भागातल्या टोळ्या तिथं कोप्या करून राहतात. रक्त द्यायला बायका तयार नव्हत्या, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने घ्यायचे ठरलं. बाटल्यांची लेबलं मी छापली होती, नाव, वय, गाव, नंबर. एकही लेबल चुकलं नाही. पोरीबाळी लाजत होत्या, म्हणून बाटल्या टोळीतल्या वडीलधाऱ्या बायांकडं संध्याकाळी दिल्या आणि सकाळी त्यांनीच गोळा करून आणल्या.

भिवराबाईनं विचारलं, "तुजी किडनीवाली पोरगी कुटं असती आता?"

म्हणालो, "पुण्याला. तुमच्याच बाटल्यांवर मोठी शास्त्रज्ञ झाली."

बाई लई हसली. "आमच्या कुटल्या? माज्या एकटीच्या म्हण! हिची बाटली बी म्याच भरलती." सोजरनं पदर तोंडाला लावला. "हा सायेब तवा हिच्या पोटात हुता न्हवं का. मुकादमानं आवई उठवलती, डागदरीनबाई बाटलीत बघून पोटुशी कोण ते सांगणार. पोटुशी म्हणल्यावर जोडीचा कोयता अर्धा धरला आसता, आगाव दिलेली उचल माघारी मागितली आसती. मंग म्या म्हणलं, आण गं इकडं. समद्याच सासवांनी तसं केलं. ती पारूबाई, तिला तर दोन सुना! पहाटं तांब्याभर पानी पिऊन बसलती, येतंय का म्हणून!"

मीही डोळ्याला पाणी येईपर्यंत हसलो. काय एकेक डोकी असतात. बोर्डाचं डिझाईन पसंत पडलं. सायेबाला काळा गॉगल लावून दिला.

२२ जून

भिवराबाईची गंमत अंजलीला फोनवर सांगितली. ताण आहे पोरीला, जरा हसेल म्हणून. तांब्याभर पाण्याचं तर नक्कल करून सांगितलं.

"आप्पा, परत सांगा," ती म्हणाली.

परत सांगितलं.

"समद्याच म्हणाली का? समद्याच सासवांनी, असं?"

"हां, तसंच म्हणाली."

मग काही ऐकू आलं नाही. नेटवर्क गेलं असावं, दुपारी आमच्याकडं टॉवरचं काही खरं नसतं. बराच वेळ हॅलो हॅलो केलं. तिकडून पंख्याचा आवाज येत होता.

२७ जून

अंजली न कळवता आली. दुपारच्या एसटीनं. बॅग टेकवली आणि लेबलांची जुनी फाइल मागितली. माझ्या कॉम्प्युटरवर नावागावासकट जपून ठेवलेली आहे, दोन मिनिटांत प्रिंट दिली. तिनं ‘वय वर्षे अठरा ते पंचवीस’ एवढीच नावं वेगळी काढली.

सातवा लेख सुरू झाला, हे मी ओळखलं. मुलाखतीआधी एखादा नवा विषय हातात असला की छाप पडते.

बरोबर येतो म्हणालो. "नका येऊ आप्पा. तुमच्यासमोर बाया मोकळं बोलत न्हाईत." सिंधूला घेऊन गेली, काळीपिवळीनं. टोळ्या पावसाळाभर गावीच असतात, त्यामुळं सगळ्या सापडतील. आकडा दोनशे एकोणीस.

१ जुलै

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पाच दिवस त्या दोघी वाड्या-तांड्यांवर फिरत होत्या. आज जेवण झाल्यावर अंजली म्हणाली, "आप्पा, तो लेख मला मागं घ्यायला लागंल."

मला कळलं नाही. मागं कुठं घ्यायचा?

"मासिकाला लिहायचं, की लेख चुकीचा आहे, रद्द करा. मी लिवलं काय होतं? की विशी-बाविशीच्या पोरींच्या किडन्या ऊस तोडून पंचेचाळिशीच्या बाईगत झाल्यात. त्या वाक्यावर तर जगानं तो लेख उचलला. आप्पा, त्या बाटल्या पंचेचाळिशीच्याच बायांच्या होत्या. निम्म्याहून जास्त. मी एकेकीला इचारून आले."

मी म्हणालो, "म्हणजे ऊस तोडून किडनी बिघडत न्हाई का?"

"बिघडत असंल. मला म्हाईत न्हाई. माझ्या लेखानं ते कळत न्हाई, एवढं म्हाईत हाय."

"तुजी काय चूक? बाटल्या त्यांनी बदलल्या."

"पोटुशी हाय का, हा प्रश्न मी मुकादमासमोर इचारला होता. पोरी खरं सांगतील असं धरून चालले. ही माझीच चूक."

मी सरळ सांगितलं. हे तुला, मला, सिंधूला आणि त्या बायांना माहीत. बाया पुण्याला सांगायला जात नाहीत. ऑगस्ट निघू दे, कायम हो, मग सावकाश काय ते कर. यात खोटं काहीच नाही, फक्त थांबायचं आहे.

तर म्हणाली, "श्रद्धांजलीच्या बोर्डावर जित्या भावाचा फोटो गेला तवा तुमी थांबला होता का? भर चौकात शिडी लावून फाडला की."

"तो बोर्ड केजमध्ये होता. हे जगभर हाय."

"तेच तर म्हणते मी, आप्पा."

मग ब्राझीलचा विषय निघाला. तिचं म्हणणं, त्या लोकांना त्यांच्या तरुण बायकांत असं काही सापडलंच नाही, आणि ‘इन कॉन्ट्रास्ट’ म्हणजे ‘उलट’. त्यांनी तिला खोडलं होतं. डिक्शनरी पाहिली. तुलना हाही अर्थ दिलेला आहे.

सिंधू ताट उचलून आत गेली.

२ जुलै

अंजलीनं पुण्याच्या सरांना फोन केला, लेखावर त्यांचंही नाव आहे. गच्चीवर गेली होती. सरांचा आवाज खालपर्यंत येत होता, शब्द नाही. खाली आली तेव्हा म्हणाली, सर म्हणतात एका म्हातारीच्या गप्पांवर लेख रद्द होत नाही, लेखी जबाब आण.

मला धीर आला. सर शिकलेला माणूस, तोही माझ्यासारखंच म्हणतो. आणि त्याच्या बोलण्यातून एक दिसलं, की सगळं भिवराबाईवर अडलेलं आहे. बाकीच्या तिच्याकडं बघून बोलतात, टोळीत तिचा शब्द चालतो.

४ जुलै

वाढदिवसाचा बोर्ड स्वतः पोहोचवायला वाडीला गेलो. खरं म्हणजे बोर्ड गिऱ्हाईक घेऊन जातं. भिवराबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. चहा केला, गुळाचा.

मी तिला समजावून सांगितलं. मावशी, तुमी त्या दिवशी बोललात त्यानं पोरीची नोकरी जायची वेळ आली. ती परत विचारायला येईल, लिहून घेईल. तेव्हा सांगा, की थट्टा केली होती.

"म्हंजी त्यानं पोरीचं भलं हुतंय?"

"होतंय."

"मंग सांगते की. लेकरू हाय ते, आमच्या कोपीत झोपलेलं. आमच्या ताटात जेवलेलं. काय काय म्हणायचं ते नीट सांग, म्या इसरते."

मी सांगितलं: त्या दिवशी मी थट्टा केली, प्रत्येकीनं आपापलीच बाटली भरली होती. दोनदा म्हणवून घेतलं. ‘प्रत्येकीनं’च्या जागी ‘ज्येनं त्येनं’ म्हणत होती, ते दुरुस्त केलं. सोजर दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही विचारलं, तर मान हलवली.

यात मी वावगं केलं असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर लिहिलं नसतं.

७ जुलै

अंजली आज वाडीवर जाऊन दुपारीच परत आली. मी दुकानात ‘अभिनंदन’चा बोर्ड लावत होतो. ती काचेच्या बाहेर उभी राहिली, आत आली नाही.

"भिवरामावशी म्हणली, त्या दिवशी मी थट्टा केली."

"बघ, मी सांगत होतो..."

"प्रत्येकीनं आपापलीच बाटली भरली होती, म्हणली. पाठ केलेली कविता म्हणतात तसं, हात बांधून. आप्पा, ती बाई जल्मात कदी ‘प्रत्येकीनं’ म्हणलेली न्हाई."

बजरंग बघत होता.

"मी म्हणलं, मावशी, खरं सांग. तर मला म्हणली, तुला कंचं पायजे?"

एवढं बोलून घरी गेली आणि बॅग भरली. सिंधूनं दशम्या बांधून दिल्या. निघताना अंजली नेहमी ‘जयभीम आप्पा’ म्हणते, आज म्हणाली नाही. गाडीची घाई होती.

२० जुलै

आकडा दोनशे एकवीस. काचेवर बदलला. अंजलीचे फोन सिंधूच्या मोबाईलवर येतात. माझा तिला लागत नसावा.

१२ ऑगस्ट

आज मुलाखत. सकाळपासून मोबाईल चार्जिंगला लावून समोर ठेवला. दोन वाढदिवसांचे बोर्ड हातात होते, पण कॉर्नरची रेघ जुळेना. संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही.

१३ ऑगस्ट

सिंधूनं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

अंजलीनं मासिकाला पत्र जुलैतच पाठवलं. सरांनी सही दिली नाही, तिनं एकटीच्या सहीनं पाठवलं, सगळ्या बायकांच्या पहिल्या जबाबांसकट. मुलाखतीत बसल्या बसल्या तिनंच सांगितलं, की माझ्या अर्जातला पहिला लेख मोजू नका. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही. एकानं चहा घेणार का विचारलं म्हणे.

"तू मला आधी का न्हाई सांगितलंस?" मी म्हणालो.

सिंधू म्हणाली, "तुमी गेला आसता ना कुणाला तरी शिकवायला."

४ सप्टेंबर

मासिकाच्या पानावर सूचना लागली. अंजलीच्या लेखावर इंग्रजीत ‘रद्द’ अशा अर्थाची लाल अक्षरं आहेत, तिरकी, प्रत्येक पानावर. खाली कारण दिलंय चार ओळींत. ते मी नीट वाचलं. भाषा साधी आहे, एकही शब्द पाहावा लागला नाही. ‘लेखिकेनं स्वतः ही चूक उघडकीस आणली’ हे शेवटच्या ओळीत आहे. मी असतो तर पहिल्या ओळीत घेतलं असतं.

११ सप्टेंबर

कुणीतरी ती सूचना तालुक्याच्या ग्रुपवर टाकली. ‘केजच्या शास्त्रज्ञ कन्येचं संशोधन बोगस!’ खाली अंगठे, हसरी तोंडं. एकानं लिहिलं, सवलतीत पास झाल्यावर दुसरं काय होणार. हा माणूस पोराच्या सत्काराचा बोर्ड दरवर्षी माझ्याकडून नेतो. दरवर्षी त्याच्या पोराचे गुण मीच नीट लिहून देतो, तो चुकीचे सांगतो.

मी उत्तर टाईप केलं. चूक तिची तिनंच सांगितली, तुमच्या घराण्यात कुणी सांगितलीय का, वगैरे. मग पुसलं. हे लिहिण्याचा हक्क मला राहिला का, ते ठरवता येईना.

बजरंगनं चहा पाठवला, मागितला नसताना. स्वतः येऊन म्हणाला, "काढ बे ते काचेवरचं. लोकं थांबून फोटो काढायलेत."

रेडियम ब्लेडनं खरवडून काढलं. डिंक निघत नाही. ऊन पडलं की अक्षरं तशीच वाचता येतात. रॉकेल लावून बघणार.

२८ सप्टेंबर

बीडला गेलो. पुण्याची मुदत संपली तशी अंजली बीडला आली आहे, महिना होत आला. तिथल्या एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. हे सिंधूनं काल सांगितलं. पुण्याहून केजला येऊन तिथून बीडला गेली नाही, परस्पर गेली.

क्लास सुटायला वेळ होता. जिन्यात बसलो. माइक लावून शिकवतात, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू येतं. किडनीचाच धडा होता. चांगलं शिकवते. पोरं हसत होती मधून मधून.

खाली आली तर मी दिसलो. चेहऱ्यावर काही आलं नाही. म्हणाली, "जेवलात का?" समोरच्या खानावळीत गेलो. तिनं माझ्यासाठी भाकरी सांगितली, स्वतः नुसता चहा घेतला. हाताला खडूची पांढरी पूड होती. पोरगी वाळली आहे.

मी म्हणालो, "बाई, झालं ते झालं. पुन्हा अर्ज कर. बाकीचे पाच लेख हायत की."

"त्यांचे पन्नास संदर्भ. आप्पा, मेलेल्या गाईचं वासरू कोण इकत घेतंय?" मग लगेच म्हणाली, "जाऊ द्या. मला इथं बरं हाय."

सरांनी तिला शिफारसपत्र दिलं नाही. हेही तिनं सहज सांगितलं, मीठ पुढं सरकवावं तसं.

मी म्हणालो, "तू माझ्यावर रागावलीस. मी तुझ्यासाठीच केलं."

तिनं कप बशीत ठेवला. "तुमी मला खोटं बोल म्हणला असता तर मी भांडले असते न् इसरले असते. तुमी त्या बाईला बोलायला लावलं. आधी मुकादमाच्या भ्यानं खोटं बोलली, मग तुमच्या मायेनं. तिचं तिला खरं बोलायचं एकदाच जमलं होतं, तुमच्या दुकानात, हसत हसत. तेवढं बी आपण ठिवलं न्हाई."

तिनं ‘आपण’ म्हटलं. ‘तुमी’ म्हणाली असती तरी चाललं असतं.

बिल तिनं दिलं. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, सिंधूनं दिलेला शेंगाचटणीचा डबा माझ्याच पिशवीत राहिला.

९ ऑक्टोबर

पान उघडून पाहिलं. उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

आकडा दोनशे सत्तावीस. लेख रद्द झाल्यावरही सहा वाढले, सगळे त्याच लेखाचे. लाल अक्षरं कुणी बघत नाही. एकाचं बघून दुसरा उतरवून घेतो, जुन्या बोर्डावरून नवा बोर्ड करून मागतात तसं.

आधी मला ते बघून बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

१२ ऑक्टोबर

त्या सहाजणांचे ईमेल पत्ते शोधले. प्रत्येकाच्या लेखाखाली असतो. इंग्रजीत मजकूर तयार केला: ‘आपण ज्या लेखाचा आधार घेतला आहे तो लेख लेखिकेनं स्वतः मागं घेतलेला आहे. कृपया आपला मजकूर तपासावा.’ खाली माझं नाव. बाप असं लिहिलं नाही. कोण म्हणून लिहावं ते सुचेना, शेवटी नुसतं ‘केज, जिल्हा बीड’ लिहिलं.

सहाही पाठवले.

२१ ऑक्टोबर

एकाचं उत्तर आलं. थायलंडचा कुणी आहे. आभार मानलेत, दुरुस्ती छापतो म्हणतो. पुढं लिहिलंय, ‘आपण डॉ. जोगदंड यांना ओळखत असाल तर त्यांना माझा आदर कळवा. असं करणारे थोडे असतात.’

सिंधूला वाचून दाखवलं, मराठीत करून. ती म्हणाली, "मला काय दाखवता? तिला धाडा."

अंजलीला पाठवलं. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही.

२ नोव्हेंबर

टोळ्या निघाल्या. भिवराबाईला भेटायचं राहून जात होतं, म्हणजे मीच टाळत होतो. आज सकाळी बजरंग म्हणाला, वाडीची गाडी स्टँडजवळ डिझेलला थांबलीय. गेलो.

ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, पाचटाच्या चटया, त्यावर माणसं. भिवराबाई फाळक्याला धरून बसली होती, सायेब मांडीवर. सोजर मागं कोपऱ्यात, थंडी नसताना पदर पोटाशी आवळून. मुकादम खाली उभा राहून कोयते मोजत होता, नवरा-बायको मिळून एक.

मी फाळक्याशी जाऊन हळू म्हणालो, "मावशी, मी तुमच्या तोंडून खोटं वदवलं. माझं चुकलं."

"आरं त्यात काय. लेकरासाठी कोन बोलत न्हाई?" तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, भर स्टँडात. "मिळाली का मंग पोरीला नोकरी?"

"न्हाई."

"अगं बया." तिचा चेहराच पडला. "म्या तर नीट म्हणलं हुतं. काय इसरलं का माजं?"

"न्हाई मावशी. तुमचं काहीच चुकलं न्हाई."

"मंग आता काय सांगायचं तिला? फोन लाव. तू म्हणशील तसं सांगते."

"काही सांगायचं न्हाई."

"आरं सांग की, लाजतो कावून? गाडी निघंल."

मी म्हणालो, "जे खरं हाय ते सांगा."

"खरं तर म्या पैल्याच दिशी सांगितलं हुतं. तुला चाललं न्हाई." रागानं म्हणाली नाही. "लाव, परत सांगते."

मी फोन लावला आणि वर तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. रिंग जात होती, मला खालपर्यंत ऐकू येत होती. अंजलीनं उचलला नाही. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि सगळं बोलून झाल्यावर तिनं फोन घाईघाईनं खाली दिला. इंजिनाच्या आवाजात तिला कळलं नसावं, की पलीकडं कुणी नव्हतंच. कारण रिंग थांबल्यावरही ती बोलत होती, सगळं, तांब्याभर पाण्यापर्यंत.

ट्रक हलला. तिनं वरून ओरडून विचारलं, "आयकलं का रं तिनं?"

मी होय म्हणून मान हलवली.